मांदेर तळ्याच्या सात फळ्या

प्रति,
मेहेरबान प्रांतसाहेब,
मांदेर भाग,
मुक्काम: दौऱ्याचा तंबू, माणगाव.

अर्जदार: कोंडाजी रावजी मांदेर, बी. ए., वय ४७, धंदा पूर्वी मास्तरकी, हल्ली अर्ज करणे. राहणार मांदेरवाडी, मांदेर तळ्याच्या काठी, मांदेर शहराच्या हद्दीबाहेर.

विषय: मांदेर तळ्याच्या मोरीच्या सात फळ्या हुकुमाप्रमाणे सरकारात जमा करून घेण्याबाबत, आणि सवड झाल्यास, मांदेर लोकांना मांदेर तळ्यावर पाणी भरू देण्याबाबत.

संदर्भ: मांदेर म्युनिसिपालिटीचा ठराव नंबर ४१, ता. २८ ऑगस्ट १९३३. तिच्याच अकरा नोटिसा. ठराव नंबर ६३, ता. ५ फेब्रुवारी १९३४. आणि अर्जदाराचे मागील चार अर्ज, ज्यांना मिळून उत्तर एक आले.

महोदय,

१. आपल्या भागात मांदेर ह्या नावाच्या गोष्टी तीन आहेत. एक तळे, एक शहर आणि एक जात. तळे गोड्या पाण्याचे असून खाडीला लागून आहे. शहराची वस्ती मागच्या खानेसुमारीत चार हजार दोनशे भरली. जात म्हणजे आम्ही, बत्तीस घरे. पैकी तळ्याची कोणाविरुद्ध तक्रार नाही. शहराची आमच्याविरुद्ध आहे आणि ती मंजूर झालेली आहे. आमची शहराविरुद्ध आहे, ती खाली मांडतो.

२. आधी कोण आले, ह्याविषयी शहरात व वाडीत मतभेद आहे. वाडीचे म्हणणे असे की मांदेर लोकांनी झऱ्याभोवती तळे खणले, म्हणून तळ्याला मांदेर म्हणू लागले. आणि तळ्याचे पाणी भरायला गलबते थांबू लागली, व्यापारी उतरले, दुकाने झाली, त्या दुकानांना पुढे मांदेर म्हणू लागले. शहराचे म्हणणे, म्युनिसिपालिटीने गेल्या साली छापलेल्या चोपडीत पान दोनवर आहे. त्यात मांदेर नावाचे एक ऋषी येथे तप करीत होते, त्यांच्या कमंडलूतून तळे झाले आणि पुण्याईतून शहर. तळे खणणाऱ्यांचा उल्लेख चोपडीत कोठेही नाही. कमंडलूतून आल्यामुळे खणावे लागले नसेल. ऋषींचे नाव आमच्या आजोबांच्या नावासारखे कसे पडले, एवढाच खुलासा मी चोपडीच्या कर्त्यांकडे मागितला होता. त्यांनी मला बी. ए. ला कोणता विषय होता ते विचारले.

३. ह्या अर्जाचा सारा भार ज्या सात फळ्यांवर आहे त्यांची हकिकत साहेबांना ठाऊक असणे जरूर आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तळे व खाडी ह्यांच्यामध्ये बांध आहे व बांधाला दगडी मोरी आहे. तळ्याला बारमाही झरा असल्यामुळे जादा पाणी मोरीवाटे खाडीत जाते. मोरी कायमची बुजवली तर पाणी कुजते. कायमची उघडी ठेवली तर पुनवेच्या व अवसेच्या उधाणाला खाडी मोरीतून आत येते. म्हणून दर पंधरवड्याला, उधाणाच्या दोन दिवस आधी, मोरीच्या खाचांत सात फळ्या एकीवर एक बसवायच्या, सांधे पेंढ्याने व चिखलाने भरायचे आणि चौथ्या दिवशी फळ्या काढून घ्यायच्या. फळ्या किंजळाच्या लाकडाच्या आहेत. आमच्यात मूळची घरे सात. दर घराकडे एक फळी. ती चुलीवरच्या उतवावर, म्हणजे टांगलेल्या माच्यावर, ठेवतात, म्हणजे धुराने तिला कीड लागत नाही. घरात नवी सून आली की तिला आधी देव दाखवीत नाहीत, फळी दाखवतात.

हे काम कोणी सांगितले म्हणून होत नाही. त्रयोदशीला पहाट झाली की सात घरांतून सात माणसे फळी खांद्यावर टाकून निघतात. कोणी कोणाला हाक मारीत नाही. माझे थोरले चुलतभाऊ भागोजी ह्यांच्या लग्नाची हळद त्रयोदशीला आली होती. तेही हळदीच्या अंगाने फळी बसवून मग पाटावर येऊन बसले.

काम चुकले आहे ते एकदाच, प्लेगच्या साली. वाडी डोंगरात झोपड्या घालून राहिली होती आणि एक उधाण मोकळे गेले. तळे खारे झाले ते पुढल्या पावसाळ्यापर्यंत. शहर पाणी होड्यांतून आणून प्याले. त्या साली शहरातील चार वजनदार गृहस्थ डोंगरात आमच्या झोपड्यांपर्यंत चालत आले होते व जमिनीवर बसले होते, असे माझी चुलती सांगते. तिने त्यांना गूळ दिला. तो त्यांनी घेतला. हे मी मुद्दाम नमूद करतो, कारण पुढे ह्याच मंडळींच्या मुलांचे ठराव यावयाचे आहेत.

४. गेल्या ऑगस्टात म्युनिसिपालिटीने दोन गोष्टी केल्या. पहिली, शहराची हद्द नव्याने आखली. जुनी हद्द बांधापर्यंत सरळ जात होती. नवी हद्द धक्क्यापासून निघते, वाडीपाशी येऊन थबकते, वाडीला वळसा घालते, आणि पलीकडे अर्धा मैल जाऊन अध्यक्षसाहेबांची सुपारीची बाग आत घेते. त्या बागेत राहणारे कोणी नाही. सुपारीची झाडे मात्र त्या दिवसापासून मांदेरची रहिवासी झाली. आम्ही शेजारच्या गावच्या पाटलाकडे गेलो, तर तो म्हणाला की तुमचे नाव मांदेर, तुम्ही मांदेरला जा.

दुसरी गोष्ट, ठराव नंबर ४१. तळ्याच्या पायऱ्यांवर दगडी पाटी बसली: "मांदेर तळे. फक्त मांदेर शहराच्या रहिवाशांकरिता." जातीचे नाव पाटीवर कोठेही घातलेले नाही. म्युनिसिपालिटी कायद्याने वागणारी आहे. जे काम उघड लिहिता येत नाही, ते तिने नकाशावर काढून घेतले.

५. माझी चुलती ठमाबाई हिचे वय सत्तरीच्या पुढे आहे. ती वाचू शकत नाही, आणि ऑगस्टपर्यंत त्यावाचून तिचे काही अडले नव्हते. भाद्रपदात ती नेहमीप्रमाणे मडके घेऊन पायऱ्या उतरली. म्युनिसिपालिटीचा शिपाई सदू तेथे नेमलेला होता. सदू वाईट माणूस नाही, त्याला नोकरी आहे. पुढील बोलणे मी दोघांकडून वेगवेगळे ऐकले असून ते जुळते.

तो म्हणाला, "आते, वर ये. पाटी लागली हाय."

तिने विचारले, "काय लिवलंय तिच्यावर?"

तो म्हणाला, "मांदेरचं तळं हाय, असं लिवलंय."

ती म्हणाली, "मंग बरोबर हाय," आणि मडके बुडवले.

त्यावर सदूने ते मडके तिच्या हातून घेऊन पायरीवर आपटले. आपटल्यावर तो रडला, असे चुलती म्हणते. सदू म्हणतो की तो रडला नाही. अर्जदार ह्या मुद्द्यावर जोर देत नाही. मडके फुटले, ह्याबद्दल दोन्ही पक्षांत एकमत आहे. खापर सोबत जोडले आहे.

तेव्हापासून बत्तीस घरे खाजणाच्या, म्हणजे खाडीच्या खाऱ्या दलदलीच्या, कडेला खणलेल्या खड्ड्याचे पाणी पितात. ते मचूळ आहे. त्यात डाळ शिजत नाही. पौषात खड्डा कमरेइतका खोल होता, आज तळाशी वाटी बुडत नाही. चैत्रापर्यंत तो आटेल आणि वाडी उठून जाईल. कोठे, ते नकाशात नाही.

६. आता नोटिसांविषयी, आणि येथे अर्जदाराला आपल्याच लोकांची चूक कबूल करावी लागते.

ठराव झाल्यानंतरच्या पहिल्या त्रयोदशीला सात माणसे फळ्या घेऊन बांधावर गेली आणि मोरी बंद करून आली. तळ्याच्या आवारात विनापरवाना शिरल्याबद्दल दुसऱ्या दिवशी नोटीस आली. मी ती वाडीत वाचून दाखवली. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. भागोजी म्हणाला, "ध्यानातच नाय आलं, कोंडाजी. तेरस होती." ज्यांनी आपले पाणी तोडले त्यांचे पाणी राखण्याचे कारण नाही, असे सर्वानुमते ठरले. मी ते मिनिटबुकात लिहिले. आमचे मिनिटबुक आहे; ह्याही बाबतीत आम्ही म्युनिसिपालिटीच्या मागे नाही.

पंधरा दिवसांनी त्रयोदशी आली आणि सात माणसे फळ्या घेऊन बांधावर गेली. दुसरी नोटीस.

तिसऱ्या वेळी मी आदल्या संध्याकाळी घरोघर जाऊन बजावले. प्रत्येकाने मान डोलावली. सकाळी मी उठून पाहिले तर सात उतव रिकामे. ह्याप्रमाणे सप्टेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत उधाणे अकरा झाली व नोटिसा अकरा झाल्या. म्युनिसिपालिटीचा सेक्रेटरी प्रत्येक नोटिशीत तारीख, वेळ आणि कृत्य अगदी नेटके लिहितो: "बांधावर जाऊन फळ्या बसविल्या." म्हणजे ज्या कामामुळे चार हजार दोनशे माणसांना प्यायला मिळाले, त्याचा संपूर्ण आणि सहीशिक्क्याचा दाखला, गुन्हा ह्या सदराखाली का होईना, आमच्याजवळ आहे. एवढा चोख दाखला प्रेमाने मागून मिळाला नसता.

माझी माणसे हुशार नाहीत, असे मी म्हणत नाही. तिथी त्यांच्या पायांत आहे. ठराव कानांत राहिला.

७. मी आपल्या कचेरीकडे चार अर्ज केले. पहिल्या तिन्हींना उत्तर आले नाही. चौथा अर्ज चौकशीकरिता म्युनिसिपालिटीकडे गेला. म्युनिसिपालिटीने आपल्याविरुद्धच्या तक्रारीची स्वतः चौकशी केली व कळवले की अर्जदार मांदेरचा रहिवासी नसल्यामुळे मांदेरसंबंधी अर्ज करण्याचा त्याला अधिकार नाही. आपल्या कचेरीने त्यावर "पाहिले" असा शेरा मारला. काय पाहिले, ते लिहिलेले नाही.

८. ह्यानंतर शहराला आमच्या नावाचाही त्रास होऊ लागला. आगरदांड्याहून होडीने येणारी पाहुणे मंडळी धक्क्यावर उतरून मांदेर कोठे म्हणून विचारतात, आणि धक्क्यावरचे हमाल कधी शहराकडे बोट दाखवतात, कधी वाडीकडे. श्रीवर्धनचा एक सुपारीचा व्यापारी अशा प्रकारे थेट आमच्याकडे आला, माझ्या ओसरीवर बसला, पाणी मागितले, एक घोट घेतला आणि विचारले की तुमच्या शहरात सगळे हेच पितात काय. मी म्हटले, शहरातले नव्हे. तो अध्यक्षसाहेबांचा होणारा व्याही निघाला. लगेच पुढल्या सभेत ठरले की मांदेर हे शहराचे नाव असल्यामुळे इतरांनी ते लावू नये. शाळेच्या पटावर आमच्या मुलांची आडनावे खोडून "तळेकाठे" घातली. दोन महिन्यांनी कोणाच्या तरी ध्यानात आले की त्या आडनावात तळे शिल्लक राहते. आता पटावर आडनावाच्या जागी रेघ आहे. हजेरीला मास्तर मुलाचे नाव घेतात, बापाचे घेतात आणि मग थोडे थांबतात.

ह्याबद्दल माझी मागणी नाही. नाव पिता येत नाही. मला पाणी पाहिजे.

९. गेल्या सोमवारी ठराव नंबर ६३ झाला. अकरा नोटिसांनी गुन्हा थांबत नाही, तेव्हा हत्यार जप्त करावे, असा विचार दिसतो. ठरावाचे शब्द असे: "तळ्याच्या मोरीच्या सात फळ्या अनधिकृत इसमांच्या कबजात असून त्यांनी त्या सात दिवसांचे आत म्युनिसिपालिटीकडे आणून द्याव्यात, न दिल्यास फौजदारी केली जाईल."

आम्ही बुधवारी सकाळीच फळ्या घेऊन कचेरीवर गेलो. सातही जण धुतलेले कपडे घालून आले होते. भागोजीने फळीला तेल लावले होते. सेक्रेटरी ओसरीवर आला, फळ्यांकडे पाहिले, आमच्या हातांकडे पाहिले, आणि म्हणाला की ह्या येथे टेकवू नका. आम्ही विचारले, मग कोठे टेकवू. तो आत गेला. आत बराच खल झाला. प्रश्न असा पडला होता की आमच्या हातच्या, आमच्या चुलीवरच्या धुरातल्या वस्तू कचेरीत घेतल्या तर कचेरी शुद्ध करून घ्यावी लागेल. आणि तिजोरीच्या खोलीत गणपतीची तसबीर आहे.

आम्ही दोन घटका उन्हात फळ्या खांद्यावर घेऊन उभे राहिलो. समोर पाणपोई होती. तिच्यातले पाणी त्याच तळ्याचे, ह्याच फळ्यांना सहा महिने टेकून राहिलेले. एक गृहस्थ आमच्यादेखत दोन पेले प्याला.

शेवटी सेक्रेटरीने बाहेर येऊन सांगितले की फळ्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जमा कराव्यात, म्हणजे प्रांतसाहेबांकडे. मी ते लेखी मागितले. त्याने दिले. कागद त्याने ओसरीवरून खाली टाकला आणि मी उचलला.

१०. सबब ठराव नंबर ६३ अन्वये व सेक्रेटरीच्या लेखी सूचनेवरून सातही फळ्या बैलगाडीत घालून आज, रविवारी, आपल्याकडे रवाना करीत आहे. मुदत उद्या संपते. उद्या महाशिवरात्रीची सुट्टी असल्यामुळे कचेरी बंद राहील. माणगावपर्यंत रस्ता चढणीचा आहे आणि बैल म्हातारे आहेत, तेव्हा गाडी मंगळवारी सकाळी पोचेल. तंबूत कामकाज अकरा वाजता सुरू होते असे समजते.

मंगळवारी अमावास्या आहे. भरती पूर्ण भरण्याची वेळ दुपारी बारा.

म्हणजे साहेबांनी अर्ज वाचणे, फळ्या मोजून घेणे, म्युनिसिपालिटीकडे अभिप्रायासाठी पाठवणे, अभिप्राय येणे, आणि योग्य वाटल्यास फळ्या दोन दिवसांच्या वाटेने परत आणून मोरीत बसवणे, ह्या सर्वांसाठी पूर्ण एक तास उपलब्ध आहे. बसवताना क्रम पाळावा लागतो. खालची फळी कोणती, हे खुणांवरून कळते. खुणा वाचणारी माणसे वाडीत आहेत, परंतु त्यांना बांधावर जाण्यास मनाई आहे.

हा धाक आहे, असे कृपा करून समजू नये. आम्ही हुकूम पाळीत आहोत. सहा महिन्यांत आमच्या हातून हुकूम पाळला जाण्याची ही पहिलीच वेळ आहे, आणि तो इतका काटेकोर पाळला जाईल ह्याची म्युनिसिपालिटीलाही कल्पना नसावी. तळे खारे झाल्यास शहराने काय प्यावे, असा प्रश्न येईल. आमचा खड्डा दाखवण्यास मी तयार आहे. त्याला पाटी लावलेली नाही.

११. माझ्या चुलतीचे ह्या बाबतीत निराळे मत आहे, ते लपवून ठेवणे अर्जाच्या सचोटीला धरून होणार नाही. गाडी जोडायचे ठरले तेव्हा ती म्हणाली, "त्या लोकांचं ऱ्हाऊ दे, कोंडाजी. तळ्याला काय सांगशील?" मी तिला सांगितले की तळे म्युनिसिपालिटीचे आहे, त्याला म्युनिसिपालिटी सांगेल. त्यावर ती घरात गेली. हे कायदेशीर उत्तर मी तिच्याकडे न पाहता दिले होते.

१२. तरी विनंती की, मांदेर लोकांस मांदेर तळ्याच्या पायऱ्यांवर, निदान बांधाकडील एका बाजूस, पाणी भरण्याची मोकळीक असावी. आम्ही मागतो आहोत ते फार नाही. पूर्वी होते तेवढेच आहे. त्याआधी सर्वच होते, ते मागत नाही.

ते होत नसेल तर साहेबांनी एवढा तरी निकाल द्यावा: तळे आमचे नाही, शहर आमचे नाही आणि नावही आमचे नाही, तर त्रयोदशीच्या पहाटे उठायचे काम तेवढे आमचे का?

आपला नम्र, आणि हा शब्द पाचव्यांदा लिहिणारा,

कोंडाजी रावजी मांदेर
(सही पुऱ्या नावानिशी केली आहे. हरकत असल्यास शेवटच्या शब्दावर आपल्या कचेरीने रेघ ओढावी. मी ओढणार नाही.)

मांदेरवाडी, ता. ११ फेब्रुवारी १९३४.

सोबत:
ठराव नंबर ४१ व ६३ यांच्या नकला.
नोटिसा, अकरा.
सेक्रेटरीचा लेखी कागद, ओसरीवरून पडल्याचा डाग असलेला.
मडक्याचे खापर, एक.
किंजळाच्या फळ्या, सात. (ता. क. पाहावा.)

ता. क. वरील अर्ज मी रात्री लिहून ठेवला होता. सकाळी गाडी जोडली, पेंढा अंथरला आणि फळ्या आणावयास घरोघर गेलो. सातही उतव रिकामे होते. भागोजी ओसरीवर पाय धूत होता. पायांना पोटऱ्यांपर्यंत बांधावरचा चिखल होता. मी विचारले, फळ्या कोठे आहेत. त्याने माझ्याकडे पाहिले, गाडीकडे पाहिले आणि मग त्याच्या ध्यानात आले. म्हणाला, "आज तेरस न्हवं?"

आज त्रयोदशी आहे. मुदत मोजण्याच्या नादात मी, बी. ए. झालेल्या माणसाने, पंचांग पाहिले नव्हते.

गाडीवाल्याला जायचेच आहे, म्हणून अर्ज व खापर पाठवीत आहे. फळ्या मोरीत आहेत. जमा झाल्या नाहीत, ह्याबद्दल फौजदारी व्हावी. सदूला उद्या सुट्टी असल्यामुळे बारावी नोटीस मंगळवारी धाडली तरी चालेल. सगळे घरीच आहेत. उधाण येऊन जाईल. पाणी गोडच राहील, असे भागोजीचे म्हणणे आहे. आम्हांस चाखून सांगता येत नाही.

को. रा. मांदेर